इसनाचं पानी

हे मी आजलोक कोनालेच सांगतलं नाही. बापाले नाही, माह्या लेकीच्या, आरूच्या बाबाले नाही, अन् ज्यायले सांगाले पाह्यजे होतं त्यायले तं नाहीच नाही. तुमी माह्या कोनी नाही, म्हनूनच तुमाले सांगून राह्यली — वळखीच्या मानसासमोर माह्यी जीभच उचलत नाही. आठवीलोक शिकली मी, मले जोडून-बिडून सांगता येत नाही, जसं येईन तसं आयका. मधातच थांबली तं समजा लेकरू उठलं. नाही तं समजा, भेव वाटलं.

कुठून सांगू? डोळ्यापासूनच सांगते.

माह्ये डोळे पाहाल तं चांगले हायेत. चष्मा नाही, लाली नाही. पन त्यायच्यात एक करवत हाये. हसू नका, खरंच करवत. आधी एक ठिपका दिसते, वेल्डिंगवाल्याकडं पाह्यल्यावर दिसते तसा, डोळे मिटले तरी जात नाही. मंग तो ठिपका वाकडा होते, त्याले दाते फुटते, ते दाते चमचम करत हालते अन् मोठे होत होत बाजूले सरकते. अन् त्या करवतीच्या आत — तिथं काईच नसते. अंधार नाही, काळं नाही. नसतेच. समोरच्या मानसाचं अर्धं तोंड असते, अर्धं नसते. दार असते अन् दाराची कडी नसते. ताटात भाकर अर्धीच दिसते, हात लावला तं पूरी लागते. वरन शिजाले लागते तेवढा वेळ हे चालते. मंग करवत निंघून जाते अन् तिच्या मागून डोस्कं फुटाले लागते, एकाच बाजूनं, अन् ओकाऱ्या.

पयल्यांदा झालं तवा मी शाळेत होती. फळ्यावरचं अर्धं गनित गायब. घरी येऊन आईले सांगतलं तं आईनं आधी दार लोटलं. आमच्या गल्लीत एक पोरगी होती, तिले मिरगी यायची, तिच्या सासरच्यायनं तिले कपड्याच्या पिशवीसंग आनून सोडलती, अन् ती पिशवी तिच्या मायनं लय दिवस उघडलीच नाही. आई म्हने, "डोळ्याचं, डोस्क्याचं नाव काढशीन नको कोनाजवळ. तुले बी तसंच आनून सोडतीन." तवापासून नाही काढलं. शाळा सुटली, पन लपवनं शिकून घेतलं.

लपवाले काय लागते? सोपं हाये. करवत आली की मी जाग्यावर बसते अन् पायातला काटा काढते. काटा नसतेच. कापूस वेचताना बसली, निंदताना बसली. बाया म्हनत, "हिच्याच पायात काहून वं घुसते सारे? वावरातले काटे हिच्या माहेरचे हायेत काय?" साऱ्या हसत. मी बी हसे. करवतीत अर्ध्या बाया दिसत नसत, तरी मी साऱ्यायकडं पाहून हसे.

हळूहळू मले समजलं, ते कायनं येते. कोनं सांगतलं नाही, माह्यं मलेच. उपाशी राह्यलं की येते. झोप मोडली की येते. पिकावरच्या फवाऱ्याचा वास डोस्क्यात गेला की येते. अन् पांढरं — पांढऱ्यावर ऊन पडलं की हमखास. फुटलेल्या कापसाचं वावर दुपारचं कसं दिसते, पाह्यलं काय कधी? नवीन टिन? पुनवेले विहारात बाया पांढऱ्या साड्या नेसून रांगेनं निंघते, किती साजरं दिसते ते — मी मान खाली घालूनच चालते. लोकं म्हनत, करुनाचं मन लय लागते वंदनेत. मी बापडी जमिनीवरची माती पाहत राहे.

आता आत्याबाईचं सांगते. आत्याबाई म्हनजे माह्यी सासू. त्या मले पाहाले आल्या, तवाच त्यायले मोतीबिंदू होता, दोनी डोळ्याले. मानसं चहा पेत होते अन् त्यायनं पिशवीतून सुई काढली, दोरा काढला, अन् माह्या हातात देल्ला. "ओव वं पोरी. मले तं आता बकरी का कुत्रं तेवढंच समजते." साऱ्यायले हसू आलं. त्या दिवशी मी पोटभर जेवलती, रात्री झोपलती, करवत नाही आली. पयल्याच दमात दोरा ओवला. त्यायनं सुई बोटानं चाचपून पाह्यली, दोरा पाह्यला, अन् माह्या बापाले म्हनल्या, "झालं बाप्पा. माह्ये डोळे सापडले."

माह्ये डोळे सापडले. हे म्हनलतं त्यायनं. मी तवा काही बोलली नाही. ती पयली चूक धरा.

आत्याबाईचं काम काय होतं, हे सांगतल्याशिवाय तुमाले पुढचं कळनार नाही. त्या लेकरं न्हाऊ घालत. आमच्या घाटंजीकडच्या त्या वस्तीत ज्याच्या घरी बाळंतीन, त्याच्या घरी सकाळी आत्याबाई. न्हानीत पाटावर बसायचं, पाय लांब करायचे, लुगडं मांड्यालोक वर घ्यायचं, अन् लेकरू नडग्यायवर उपडं झोपवायचं. तेल, बेसन, मंग पानी. त्यायच्या पायावर गेलं की रडनारं पोट्टं बी चूप. लगनात नवरदेव आधी त्यायच्या पायाले हात लावत — ह्याच पायावर झोपलतो म्हनून. कोनी साडी देई, कोनी नुसता चहा. त्या काई मागत नसत. हाकेचीच वाट पाहत, बस.

दिसाले कमी लागलं तरी हाका बंद झाल्या नाही. पानी तेवढं घरची बाई पाहे. आत्याबाईचे हात गरम पान्यानं अन् चुलीनं असे झालते की निखारा बी उचलत, त्यायले ऊन-थंड समजत नसे. म्हनून पान्याआधी त्या दरवेळी इचारत — "पाह्यलं का वं?" बाईनं हात घालून पाहावं अन् म्हनावं, "हो, पाह्यलं." मंग त्या म्हनत, "टाक."

एवढंच. पाह्यलं का. हो. टाक.

आरू झाली तवा माह्यी आई जिवंत नव्हती, म्हनून बाळंतपन सासरीच झालं. आत्याबाईनं माह्यं सारं केलं. सारं. शेक देल्ला, आळीव-डिंकाचे लाडू, डोस्क्याले फडकं बांधून देत, वारा लागू देत नसत. माह्या मायनं बी केलं नसतं. अन् नातीले न्हाऊ घालताना तं त्या निस्त्या गात होत्या, शब्द नाही, नुसतंच हूं हूं हूं.

मी फिरवून राह्यली तुमाले. समजते मले. सांगते आता.

थंडीचे दिवस सरत आलते. आरू रात्रभर रडली, मी झोपली नाही. सकाळी पोटात अन्नाचा कन नाही. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या सारल्या, गंजात पानी खदखदा उकळलं. न्हानी आमची मागं, वर उघडी, अन् बाजूच्यायनं तेवढ्यातच घरावर नवीन टिन टाकलते. गंज फडक्यानं धरून मी न्हानीत गेली अन् सूर्य त्या टिनावरून सरळ डोळ्यात आला. मले तवाच समजलं. ठिपका आलाच.

बसाले पाह्यजे होतं. काटा काढाले पाह्यजे होतं ना? पन आत्याबाई पाटावर बसल्या होत्या, आरू तेल लावून पायावर होती, उघडी, थंडी होती. मनात म्हनलं, पटकन उरकून घेऊ, करवत मोठी व्हायच्या आत. उकळतं पानी बकेटीत ओतलं. मंग इसन घालाले थंड पान्याची कळशी उचलली. तवालोक बकेट अर्धी राह्यलती. अर्धी होती, अर्ध्या जाग्यावर ते चमचम. मी कळशी वाकडी केली, पानी पडल्याचा आवाज आला — धो धो — मले वाटलं, पडलं इसन.

ते खाली फरशीवर पडलं. बकेटीच्या बाहीर. माह्ये पाय ओले झाले, थंडगार पानी माह्या पायावरून वाहत गेलं. पाय ओले झाले तरी मले कळू नये? मी एका हातानं भित धरली होती, दुसऱ्यात तांब्या. हात कुठून घालनार बकेटीत — असं नाही. घालता आला असता. भित सोडली असती तं घालता आला असता.

आत्याबाईनं इचारलं, "पाह्यलं का वं?"

मी म्हनलं, "हो."

"टाक."

मी टाकलं.

आरूचा तो आवाज मी नाही सांगत. मले नाही सांगता येत. डाव्या पायावर पडलं सारं, मांडीपासून घोट्यालोक. आत्याबाईनं तिले तशीच उचलली अन् पोटाशी धरून कळशीत उरलेलं पानी तिच्यावर ओतत राह्यल्या. मी भितीशी उभी होती. मले आपलीच लेक अर्धी दिसत होती.

आरूचे बाबा धावत आले. शेजारची कांताबाई आली. गाडीवर दवाखान्यात नेलं, मलम, पट्ट्या. डाक्टर म्हने, वाचली, पाय राहीन, डाग जानार नाही. घरी आल्यावर आरूच्या बाबानं ओसरीत उभं राहून इचारलं, ओरडून नाही, हळूच — "पानी कोनं पाह्यलतं?"

आत्याबाईनं मान वळवली. त्या माह्याकडं पाहत होत्या, म्हनजे माह्या आवाजाकडं, त्यायले माह्यं तोंड कुठं दिसते.

काय आलं असन माह्या मनात? कपड्याची पिशवी आली. तीच, त्या पोरीची. आता इचारतीन, तुले दिसलं काहून नाही? मंग सारं निंघन. मंग मले आनून सोडतीन, अन् आरू इकडंच राहीन. मी म्हनलं, "आत्याबाईनं हात घालून पाह्यलं. त्यायनंच म्हनलं, टाक."

"मी?" आत्याबाई म्हनल्या. "मी हात घातलता?"

"घातलता ना आत्याबाई. बकेटीत. मंग म्हनल्या, टाक."

त्यायनं आपला हात वर केला, डोळ्याजवळ आनला, उलटा-सुलटा केला. "मले तं याद नाही वं," म्हनल्या. मंग हात खाली घेऊन, "घातला असन. टाक तं म्हनलतं मी. ते याद हाये मले."

समजलं का तुमाले, मी काय केलं? खोटं तं सारेच बोलते. मी त्यायच्या डोस्क्यात एक याद घातली, जे झालंच नाही त्याची. अन् त्यायनं ती ठेवून घेतली. कारन त्यायच्या डोळ्याच्या जागी मी होती. मी जे म्हनन ते त्यायनं पाह्यलेलं.

कांताबाईनं तोंड आवरलं नाही. नळावर सांगत सुटली, "बुढीले दिसत नाही अन् लेकरं न्हाऊ नाही घालत, शिजवून राह्यली." शिजवून. मी तिथंच पान्याचा गुंड भरत होती. भरला अन् घरी आली.

त्या नंतर एक बी हाक आली नाही. सकाळी त्या पहाटेच उठून, केस विंचरून, दारात बसत. सवय होती ना. दिवस वर आला की उठून आत जात. आरूले त्यायनं पुन्हा उचललं नाही. आरू रांगत रांगत त्यायच्याकडं गेली तं दोनी हात पदराखाली घेत अन् मले हाक मारत — "ने वं हिले, माह्ये हात मेले हायेत."

अजून एक. हे तं कोनालेच माहीत नाही. पानी आरूच्या पायावरून त्यायच्या पायावर बी गेलतं. जाईनच ना? लेकरू त्यायच्याच पायावर होतं. साऱ्या घरात कोनाले सुचलं नाही. लय दिवसानं त्या लुगडं धूत होत्या, तवा मी पाह्यल्या त्यायच्या नडग्या. चामडी निंघून पिकलती. ना मलम, ना तेल. मी म्हनलं, आत्याबाई, हे काय? त्यायनं लुगडं खाली सोडलं. "राहू दे. माह्या पोरीले झालं तं मले होऊ नये काय?"

मी मलम आनलं. लावून देल्लं. तवा बी तोंड उघडलं नाही. त्यायच्या पायाशी बसून, हातात मलम, अन् तोंड बंद. इतकं जवळ असून बी जर निंघत नाही, तं मंग कवा निंघनार?

यंदा त्यायचं आपरेशन झालं, यवतमाळले. मीच संग गेलती, एसटीनं, पोट घेऊन, दुसऱ्यायंदाची होती मी. त्यायले आत नेलं तवा मी तिथल्या एका डाक्टर बाईले हळूच माह्यं सांगतलं, पदर तोंडावर घेऊन, जसं चोरीचं सांगावं. करवत, अर्धं तोंड, सारं. तिनं डोळ्यात बत्ती टाकून पाह्यलं. मंग म्हने, "अर्धशिशी हाये ही. काहीयले डोळ्यात दिसते. मिरगी नाही, येडं लागत नाही, डोळे जात नाही. उपाशी राहू नका, झोप घ्या, उन्हात चष्मा लावा. आली की काम सोडून बसा. अन् घरच्यायले सांगून ठेवा, म्हनजे लेकरू तेवढ्या वेळ कोनीतरी घेईन."

घरच्यायले सांगून ठेवा. बस एवढंच होतं? अर्धशिशी तं माह्या आजीले बी होती, ती डोस्क्याले सुंठ लावून अंगनात बसे, कोनं तिले घरातून काढलं नाही. मी तिथं बाकड्यावर बसली अन् मले रडू बी आलं नाही. एवढ्याश्या गोष्टीसाठी मी ते सारं केलं? एवढ्याश्या?

पट्टी सोडून आत्याबाई घरी आल्या. दारात आरू उभी होती, शाळेच्या डरेसमधी. त्यायनं तिले पयल्यांदा सारी पाह्यली. नाक पाह्यलं, केस पाह्यले, हसल्या — "मायसारखीच हाये वं" — अन् मंग नजर खाली गेली. पायावर. इतके साल त्यायनं तो डाग बोटानं बी चाचपला नव्हता, हात लावतच नव्हत्या ना. त्यायले वाटे, थोडासा असन, रुपयाएवढा. त्या खाली बसल्या अन् पाहत राह्यल्या, मांडीपासून घोट्यालोक.

"एवढं केलं मी?" म्हनल्या. "एवढं मोठं?"

आरू म्हने, "दुखत नाही आजी आता."

मी तिथंच होती. हातात त्यायची पिशवी, डोळ्यात घालाच्या थेंबाची शिशी. म्हनता आलं असतं. त्या डाक्टर बाईचा शब्द अजून कानात होता, भ्यायचं कारनच नव्हतं राह्यलं. तरी नाही म्हनलं. आता मिरगीचं भेव नाही, आता दुसरंच हाये. आता त्यायले दिसते. सांगीन तवा त्या माह्याकडं पाहतीन.

आता बाबू झाला. रोज सकाळी न्हानीत मीच बसते, पाय लांब करून, जसं त्यायचं पाह्यलं तसं. आरूचे बाबा म्हनते, आता तं मायले दिसते, मायले घालू दे ना आंघूळ. कांताबाई बी परवा आली, तिच्या सुनेले पोरगी झाली, तिले जुनं काही याद बी नाही जसं — "चाल वं मावशी, आता तं तुले सुई बी ओवता येईन." आत्याबाई म्हनल्या, "डोळे आले बाई, हात नाही आले." त्या न्हानीच्या दाराशी बसते, पाठ करून. पाहाची हिंमत नाही त्यायची. नुसतं आयकते.

काल करवत आली. बाबू माह्या पायावर, साबनानं गुळगुळीत, बाजूले बकेट. अर्धा बाबू होता, अर्धा नव्हता. मी तांब्या खाली ठेवला अन् दोनी हातानं त्याले धरून ठेवलं. "आत्याबाई," म्हनलं, "या ना जरा. घ्या याले." त्यायचा आवाज आला, पाठमोराच, "नको वं माय. माह्या हातानं नको. तूच कर, तुह्ये डोळे चांगले हायेत."

मी तशीच बसली, करवत जाईलोक. लेकरू गारठलं, ओठ निळे झाले त्याचे, रडून रडून. त्या बाहीर रडत होत्या, मी आत. मधात निस्तं दार, ते बी उघडं. एक वाक्य लागलं असतं. त्या उठून आल्या असत्या, लुगडं वर घेतलं असतं, पाय लांब केले असते.

नाही बोलली.

उद्या सकाळी पानी तापन. मी गंज उतरवीन, इसन घालीन. अन् पाठमोऱ्या बसून त्या इचारतीन, रोज इचारते तसं — "पाह्यलं का वं?" मी कोपरालोक हात घालून पाहीन अन् म्हनीन, "हो."

त्या दिवशी नव्हतं पाह्यलं. त्यायनं हात घातला नव्हता. हो मी म्हनलतं.